अरुंधती बघायला मुलुंडहून मढपर्यंत

लोक आकाश बघायला लडाखला जातात, स्पितीला जातात, आणि परत आल्यावर वर्षभर आपल्याला ऐकवतात. मी यंदा नाताळच्या सुट्टीत मुलुंडहून निघाले आणि बोरिवलीमार्गे मढला पोचले. डोंगर नाही, दरी नाही. स्वेटर नेला होता, तो एका पहाटेपुरता लागला. तरीही हे लिहायला बसले आहे, कारण इतकी धाकधूक मला कुठल्याच प्रवासात झाली नव्हती आणि घरी परतताना इतकं सुटल्यासारखंही कधी वाटलं नव्हतं.

मुलुंड

माझ्याकडे एक दुर्बीण आहे. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा बरोबरीच्या मैत्रिणींनी स्वतःसाठी सोन्याच्या बांगड्या केल्या, मी ही घेतली. बुटकी, जाडजूड, टेबलावर ठेवायची. आमचे हे तिला ‘गीझर’ म्हणतात. सोसायटीच्या गच्चीवर टाक्यांच्या मागे माझी जागा ठरलेली आहे. दिवाळीनंतर हवा जरा कोरडी झाली की मी रोज संध्याकाळी वर जाते आणि वॉचमन खालून ओरडतो, “मॅडम, आज क्या दिखेगा?”

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुंबईच्या उपनगरात थंडीतसुद्धा आकाश म्हणजे पाणी घातलेला चहा. त्यात निवडून निवडून बघावं लागतं. माझा नियम असा, की जे दिव्यांना पुरून उरतं तेच बघायचं. चंद्र घ्यायचा तो अर्धा, कारण अर्ध्या चंद्राच्या कडेला खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून भाकरीसारखा सपाट दिसतो. शनी लवकर उरकायचा, तो पश्चिमेला उतरत असतो. गुरू पूर्वेच्या इमारतींवर येईपर्यंत दम धरायचा. मधल्या वेळात कृत्तिकांचा झुबका आणि मृगाच्या पोटातला तो धुरकट तेजोमेघ. मुंबईतून आकाशगंगा दाखवतो म्हणणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकले. पाहुण्यांना अंधुक काही दाखवायचं नाही. आपली माणसं फार भिडस्त. डोळा लावतात आणि काही दिसो न दिसो, “हो हो, दिसलं! वा!” म्हणतात. एकदा मी झाकण काढायलाच विसरले होते, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना शनीची कडी दिसली होती.

नाताळच्या आधी मंजूचा फोन आला. मंजू म्हणजे माझी आत्तेबहीण, बोरिवलीला असते. तिची आई, माझी सुमनआत्या, तिच्याकडेच राहते. मुलीचं, ऋचाचं, नुकतंच लग्न झालं. आत्या शाळेत शिक्षिका होती. शहात्तरीला आली तरी आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो, फक्त गुडघे गेलेत. जानेवारीत तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं.

“वसू, आईने ऑपरेशन कॅन्सल केलं,” मंजू म्हणाली आणि रडायलाच लागली. “विचारलं तर म्हणते, आता थोडक्यासाठी कशाला चिरफाड? पैठणी ऋचाला देऊन टाकली. चांदीची भांडी वाटली. रोज तिन्हीसांजेला गॅलरीत जाऊन उभी राहते, अगदी गप्प. ऋचाच्या लग्नापासून हे चाललंय गं. डॉक्टर म्हणतात, आत्ता नाही केलं तर पुढे अंथरूण धरेल.”

“मी येऊन काय करू?”

“तुझ्या दुर्बिणीबद्दल तिने स्वतःहून विचारलं. महिनाभरात तेवढी एकच गोष्ट विचारलीय. ये ना यार.”

मी जुन्या गोधडीत दुर्बीण गुंडाळली आणि निघाले.

बोरिवली

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये नॅशनल पार्कचं जंगल आहे. बिबळ्या एका रात्रीत चालत इकडून तिकडे जात असेल, माणसाला मात्र सगळा वळसा घालून जावं लागतं. टॅक्सीवाल्याने मांडीवरची गोधडी बघून विचारलं, “गीझर है क्या?” मी हो म्हटलं. निदान घरी सांगायला एक किस्सा झाला.

आम्ही पूर्वेकडच्या उपनगरांतली माणसं बोरिवलीबद्दल उगाच नाक मुरडतो, पण तिथे जेवायला मिळतं त्याला तोड नाही. मंजूच्या समोरच्या गुजराती शेजारणीने डबा भरून उंधियू पाठवला होता. तेल वर तरंगत होतं आणि आत जांभळा कंद. मुलुंडलाही गुजराती शेजार आहे, पण आमच्याकडे डबा गेला की डबा येतो, हिशोब चोख. बोरिवलीत म्हणे डबे कुणाचे कुणाकडे राहिलेत हे कुणालाच माहीत नसतं. आत्याने डाळिंब्यांची उसळ केली होती. वाल स्वतः सोलले होते, पण ताटात वाढून घेतली ती जेमतेम चमचाभर.

“आत्या, बारीक झालीस,” मी म्हटलं.

“जाताना ओझं कमी असावं,” ती म्हणाली आणि मला ताक वाढलं.

मंजूने माझ्याकडे बघितलं. मी ताकाकडे बघितलं.

संध्याकाळी आत्याला लिफ्टने वर नेऊन गच्चीत खुर्ची टाकली. पहिल्यांदा चंद्र लावला. अर्धा, अगदी हवा तसा. आत्याचा मोतीबिंदू मागच्या वर्षी निघालाय, नजर लखलखीत. ती खूप वेळ बघत राहिली. “खड्डे आहेत गं. आपल्या लिंक रोडसारखा दिसतो,” म्हणाली. मंजू हसली. मग चंद्राच्या जवळच शनी होता, तो दाखवला. यंदा शनीची कडी अगदी कडेने दिसते, म्हणजे गोळीतून सुई आरपार घातल्यासारखी. आत्याने तेही नीट बघितलं. मी मनात म्हटलं, चला, रंग भरतोय. थोड्या वेळाने गुरू वर आला की त्याचे चंद्र दाखवू आणि खाली जाऊन ऑपरेशनचा विषय काढू.

तेवढ्यात आत्या म्हणाली, “वसू, मला अरुंधती दाखव.”

मी कृत्तिका शोधत होते. मान वर न करताच म्हटलं, “ती आत्ता कुठली दिसायला?”

कृत्तिका सापडल्या, त्या दाखवायला वळले. आत्याने पदर तोंडाला लावला होता. “म्हणजे तुलापण कळलं तर,” ती म्हणाली.

“काय कळलं?”

“ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे सहा महिने उरलेले असतात. माझी आई सांगायची. तिला नव्हती दिसली, आणि ती चातुर्मास संपायच्या आत गेली.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऋचाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर बोरिवलीतच एका लॉनवर झालं, गोरज मुहूर्तावर. सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी नवरा-नवरीला मांडवाबाहेर आणलं आणि उत्तरेला बोट करून विचारलं, “ती अरुंधती, दिसली?” नवरा म्हणाला दिसली, नवरी म्हणाली दिसली, मागे उभे असलेले काका, मामा, व्याही, विहीण, सगळे म्हणाले, दिसली दिसली. सुमनआत्या तिथे उभी राहून मनापासून शोधत होती. त्या अख्ख्या लग्नात आकाशाकडे खरोखर बघणारी बहुधा ती एकटीच होती. तिला काहीच दिसलं नाही. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला ती गॅलरीत उभी राहून अरुंधती शोधत होती, आणि रोज ती दिसत नव्हती.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी तिच्या खुर्चीशी खाली बसले. “आत्या, अगं सप्तर्षी या दिवसांत मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतात. संध्याकाळी ते जमिनीच्या खाली असतात. त्या वेळी अरुंधती कुणालाच दिसत नाही. गुरुजींनाही नाही.”

“मग सगळे दिसली म्हणाले ते?”

“मंजू, तुला दिसली होती?” मी विचारलं.

“मी कशाला बघतेय? मी केटररकडे बघत होते. पण गुरुजी दिसली का विचारतात तर दिसली म्हणायचं ना!”

तिने तिथल्या तिथे ऋचाला फोन लावून स्पीकरवर टाकला. ऋचा म्हणाली, “आजी, मला एक विमान दिसलं. मी म्हटलं असेल तेच. याला विचारलं तर तो म्हणतो, त्याने तर डोळे मिटले होते, फोटोग्राफरचा फ्लॅश डोळ्यात जात होता.”

आम्ही दोघी आत्याकडे बघत होतो. आता ती हसेल, मग आपण हसू, अशा बेताने. पण आत्या शाळामास्तरीण. चाळीस पोरांच्या खोट्या सबबी तिने आयुष्यभर ऐकल्यात.

“म्हातारीला बरं वाटावं म्हणून तुम्ही तिघी एक झालात,” ती म्हणाली. “मी स्वतः बघेन तेव्हा खरं.”

“पहाटे दुर्बिणीतून दाखवते, चल.”

“शास्त्रात दुर्बीण नाही. साध्या डोळ्यांनी दिसली पाहिजे.”

उत्तरेला बघितलं. मंजूच्या इमारतीच्या बरोबर उत्तरेला नवा टॉवर उभा राहतोय, त्यावर क्रेन, क्रेनवर दिवा. इथून अरुंधतीच काय, ऋषीसुद्धा सातांपैकी तीनच दिसले असते. मग आत्याच म्हणाली, “मढला फिलोमिनाकडे जाऊ. तिच्या अंगणातून उत्तर मोकळी आहे.”

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी हिशोब मांडला. मी मोठ्या तोंडाने सांगून बसले होते खरी, पण अरुंधती अंधुक तारा. वसिष्ठाला इतकी चिकटून, की चांगल्या चांगल्यांना वेगळी दिसत नाही. वर मुंबईचा धुरका. आणि मढच्या अंगणातूनही ती आत्याला खरंच दिसली नाही तर? मग आपले दिवस भरले अशी तिची खात्री पटवणारी मीच ठरले असते. माझ्या दुर्बिणीचा मला पहिल्यांदाच राग आला.

मढ

फिलोमिना टीचर आणि आत्या मालाडच्या एकाच शाळेत होत्या. एक मराठी शिकवायची, दुसरी गणित. फिलोमिना टीचर मूळच्या मढच्या, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिश्चनांपैकी, घर चर्चच्या मागे. नवरा गेला, मुलगे परदेशी. दारात नाताळचा गोठा अजून मांडलेला होता, त्यात बाळ येशूच्या शेजारी कुणीतरी प्लॅस्टिकचा वाघ ठेवला होता. “गाईचा पाय तुटला, मग वाघच ठेवला. त्याला काय माहीत?” टीचर म्हणाल्या.

बोरिवलीहून तासाभराच्या आत माणूस कुठल्या कुठे येतो. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, वाळूत ओढलेल्या होड्या, आणि त्यांना लागूनच शूटिंगचे बंगले. एका बंगल्याच्या फाटकावर ‘सिव्हिल हॉस्पिटल’ अशी पाटी होती, मागच्या बाजूला त्याच बंगल्याला ‘पोलीस ठाणे’ लिहिलं होतं. मंजूने दोन्हींसमोर फोटो काढून घेतले.

जेवायला फुगे होते. मैद्याचे, तळलेले, आत पोकळ. सोबत बाटली मसाल्यातली कोंबडीची खुडी, म्हणजे रस्सा. मसाला वर्षाचा एकदाच कुटतात आणि बाटलीत ठासून भरतात म्हणून बाटली मसाला. आमच्या गोड्या मसाल्यासारखंच प्रत्येक घर म्हणतं, आमचाच खरा. आत्या शाकाहारी. तिच्यासाठी टीचरनी वेगळ्या पातेल्यात वाटाणा-बटाटा केला होता आणि “पळीसुदा वेगळी ठेवलीय गो,” असं दोनदा सांगितलं. चाळीस वर्षांची ही पद्धत असावी, कारण आत्याने मान डोलावण्यापलीकडे काही केलं नाही.

आम्ही का आलोय हे मंजूने टीचरना स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. त्या बाहेर येऊन आत्यासमोर उभ्या राहिल्या. “सुमन, तू बीएड ना?”

“शास्त्र खोटं नसतं,” आत्या म्हणाली.

“शास्त्र खोटं नसेल, पण लग्नाला आलेली माणसं खोटं बोलतात.”

गजर पहाटेचा लावला होता. बाहेर आले तर अंगणात लख्ख चांदणं. चंद्र तर कधीच मावळला होता! बघते तो शेजारच्या बंगल्यात क्रेनवर शूटिंगचा भलामोठा पांढरा दिवा टांगलेला, आणि खाली कुणी नायिका पुन्हा पुन्हा पळत येत होती. उत्तरेचं निम्मं आकाश त्या दिव्याने धुऊन टाकलं होतं. वाट लागली. थोड्या वेळाने झुंजुमुंजू होणार, आत्याने आंघोळ करून डोक्यावरून शाल घेतलेली, आणि वर हा चंद्र ढिम्म हलेना.

मी काही म्हणायच्या आत फिलोमिना टीचर मॅक्सीवर स्वेटर चढवून कुंपणापाशी गेल्या. “ए, कोण आहे तिकडे? बत्ती बंद कर!”

पलीकडून आवाज आला, “आंटी, बस एक शॉट.”

“रात्रभर एकच शॉट चाललाय तुमचा! ती पोरगी दमली पळून पळून. चहा पाजा तिला आणि दहा मिनिटं बत्ती बंद करा. इथे एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.”

जिवाचा प्रश्न म्हटल्यावर पलीकडे धावपळ झाली असावी. कुणीतरी “क्या हुआ, क्या हुआ” म्हणालं, आणि दिवा गेला. अंगणभर काळोख. डोळे सरावले तसे ईशान्येकडून वर चढलेले सातही ऋषी हळूहळू उमटले. मी आत्याला शेपटीतला मधला तारा दाखवला. “तो वसिष्ठ. त्याला खेटून अरुंधती.”

आत्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. “एकच आहे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका लहान झाला की मंजूने तिचा हात धरला.

मी झटकन दुर्बीण लावली. “शास्त्र राहू दे, आधी इथून बघ. काय शोधायचं ते तरी कळेल.”

ती वाकली. “अगंबाई! इथे तर तीन आहेत.”

“वसिष्ठच दोन आहेत. साध्या डोळ्यांना एक दिसतात.”

“हे अरुंधतीला माहीत होतं का?” टीचर म्हणाल्या. पण आत्या हसली नाही. “अरुंधती ती वरची ना, डाव्या हाताची?” तिने विचारलं. मी हो म्हटलं.

“आता दुर्बीण सोड. थेट त्याच्याकडे रोखून बघू नकोस, किंचित बाजूला बघ.” मला याहून जास्त काही येत नव्हतं. आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

दूर कुठेतरी होडीचं इंजिन सुरू झालं. कुंपणापलीकडून कुणीतरी हळूच विचारलं, “आंटी, हो गया?” टीचरनी त्याला हातानेच गप्प केलं.

“दिसली,” आत्या म्हणाली.

मंजूने सुस्कारा सोडला. मी सोडला नाही. दिसली हा शब्द इतक्या तोंडून ऐकला होता की त्यावरचा माझा विश्वासच उडाला होता. आत्याने पोरींचं मन राखायला म्हटलं असलं तर? मी विचारलं, “कुठे आहे?”

“खाली, उजव्या अंगाला. अगदी बारीक.” मग ती थांबली आणि तिचा मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज परत आला. “पण वसू, तुझ्या त्या यंत्रात ती वर डावीकडे होती, इथे खाली उजवीकडे कशी? बिघडलंय ते. परत दे दुकानदाराला.”

 दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, वरचं खाली, उजवीकडचं डावीकडे. हे मी तिला सांगितलंच नव्हतं. दुर्बिणीत बघून नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं असतं तर तिने वर डावीकडेच सांगितलं असतं. तिला दिसली होती, तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी पुसलंही नाही, अंधारात कोण बघतंय. मंजू आईला मिठी मारून “आई, आई” एवढंच म्हणत होती. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते कसं असतं ते मला त्या पहाटे कळलं. थंडी वाजते आहे हेसुद्धा मग लक्षात आलं.

“हां, आता लाव रे बत्ती,” टीचर ओरडणार होत्या, पण आत्याने त्यांना अडवलं. “थांब. तूपण बघून घे आधी.”

फिलोमिना टीचरनी चष्मा पुसला, मान वर केली. इकडे हलल्या, तिकडे हलल्या. “तुझा तो वसिष्ठच मला धूसर दिसतो गो,” त्या म्हणाल्या. “बाजूला तर काय म्हणजे काय नाय.”

 मी आत्याकडे बघितलं. मंजूही तिच्याकडेच बघत होती. अरुंधती न दिसलेलं माणूस तिच्यासमोर उभं होतं, तेही तिची इतक्या वर्षांची मैत्रीण.

आत्याने शाल सारखी केली. “फिलोमिना, मोतीबिंदू पिकलाय तुझा,” ती म्हणाली. “माझा काढला त्या डॉक्टरकडे नेते तुला. गुडघ्यांचा डॉक्टर त्याच्याच वरच्या मजल्यावर बसतो. मंजू, दोघींचा नंबर एकाच दिवशी लाव.”